खंदकाबाहेरचे मावळे

कॅनडाच्या दीडशेव्या वाढदिवसाच्या साली सूर्यकांत टोरांटोजवळच्या वॉनला मुलाकडे राहायला आले. आठ महिने झाले, पण या घरात त्यांच्यावाचून अडतंय कुणाचं? सून डिशवॉशरलाही हात लावू देईना. त्यामुळे दहा वर्षांची नात ईशिता "आजोबा, हेल्प मी" म्हणत आली, तेव्हा स्वारी एकदम खूश! शाळेत मॉडेल न्यायचं होतं, वेल्समधल्या जुन्या किल्ल्याचं. दगडी नव्हे, नुसता मातीचा. खोल खंदक खणायचा, त्याच मातीचा उंच ढिगारा रचायचा आणि माथ्यावर लाकडी कुंपण घालायचं.

"अगं, मातीत तर माझी हयात गेली! इंजिनिअर म्हणून तीस वर्षं मातीची धरणं बांधली मी." गराजमध्ये बैठक मारून आजोबांनी थरावर थर देत माती अशी चोपली की बघत राहावं.

इथवर सगळं ठीक होतं. पण दिवाळी चार दिवसांवर आणि समोर मातीचा किल्ला! मराठी माणसाचा हात गप्प बसतोय होय? ईशिता स्विमिंगला गेली तेवढ्यात त्यांनी उतारावर ऐटबाज पायऱ्या कोरल्या आणि पुण्याहून आणलेले मावळे माथ्यावर उभे केले.

ईशिता आली ती किंचाळलीच. "आजोबा! नोबडी कॅन क्लाइंब, दॅट्स द पॉइंट! आणि वरचे बॅड गाईज आहेत. बाहेरून आले, लँड घेतली. गावातल्या लोकांकडूनच हे खणून घेतलं!"

आजोबा ओशाळले. किल्ला म्हटला की आपला, आतली माणसं आपली. खालून कधी बघितलाच नव्हता. पोरीनं आठ महिन्यांत एक काम सांगितलं, तेही नासवलं. मुकाट्यानं त्यांनी पायऱ्या बुजवल्या, वरून पाण्याचा हात फिरवला आणि मावळे खंदकाबाहेर मांडले.

ईशिताचा राग निवळला. ती शेजारी येऊन बसली. "तुमचं धरण पण गावातल्यांनी खणलं?"

"हो. ज्यांची शेतं बुडणार होती, तेच यायचे मजुरीला."

"मग यातले तुम्ही कुठले?" तिनं मावळ्यांकडे बोट दाखवलं.

एखादा मावळा उचलून दिला असता, तर पोरगी खूश झाली असती. आजोबांचा हात तिकडे गेलाही. मग त्यांनी तो मागे घेतला आणि ढिगाऱ्याच्या रिकाम्या माथ्यावर बोट ठेवलं. "इथे. छत्री घेऊन."

"डिड दे हेट यू?"

"मी कधी विचारलंच नाही गं," आजोबा म्हणाले.