अनंताच्या पानावरचा आकडा

बुप्फाबाईंच्या अंगणात हल्ली एवढी गर्दी, की शाळेत शिकवायला निघायचं तर नवसाचे दोन सिमेंटचे झेब्रे ओलांडावे लागत. तिथल्या अनंताच्या झाडात वनदेवी आली होती. देवीला झेब्रे आणि लाल सोडा आवडतो, हे सगळ्या अयुथ्या शहराला ठाऊक. अनंताला काय आवडतं, ते मात्र कुणी विचारत नव्हतं.

पानं सोन्यासारखी पिवळी, त्यांवर हिरव्या शिरा. त्या शिरांत मांत्रिक आचार्य प्रसित लॉटरीचे आकडे वाचत.

"हा बघा, सात!"

"आचार्य, मला चार दिसतोय."

"श्रद्धा कमी असली की चार दिसतो."

मग ते मंतरलेलं पाणी विकत. भक्त ते मुळाशी ओतत. झाड आणखी सोनेरी होई, कळ्या न उमलताच गळत. लोक त्याही रुमालात बांधून नेत.

झाड बाईंच्या आईने लावलेलं. बुद्धापुढे रोज त्याचंच फूल.

"आई, ते मरतंय गं!"

"सोनं होतंय. तू शाळेत जा."

शेवटी वैतागून बाईंनी गोकर्णाच्या फुलांच्या निळ्या सरबताचे तीन ग्लास अंगणात मांडले. पहिल्यात लिंबू पिळलं. सरबत जांभळं झालं.

"हे आमची नातही करते," कुणीतरी जांभई दिली.

दुसऱ्यात मंतरलेलं पाणी ओतलं. सरबत हिरवं! गर्दीने हात जोडले.

"थांबा," म्हणत बाई तळलेली केळी विकणाऱ्या मावशींकडे वळल्या. "सेंगलामावशी, केळी कुरकुरीत तळायला पिठात काय घालता?"

"चुन्याची निवळी."

मावशींनी गाडीवरची निवळी आणून तिसऱ्यात ओतली. तेही हिरवं.

"म्हणजे केळ्यांतही देवी?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"मग मी भाव वाढवते," मावशी म्हणाल्या. आणि एकदम आचार्यांकडे वळल्या. "अहो, तुम्ही रोज माझ्याकडून निवळी न्यायचात! म्हणायचात, पोट बिघडलंय!"

आचार्य बाटल्या गोळा करू लागले.

"अनंताला आंबट माती लागते," बाई म्हणाल्या. "चुना पडला की मातीतलं लोह त्याला घेता येत नाही. पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. हा आकडा नाही, उपासमार आहे!"

"पटलं, बाई," एक भक्त म्हणाला. "पण हिरव्या सरबताचा आकडा कोणता?"

बाई झेब्र्यावर मटकन बसल्या. "बाबांनो, देवीला मानायचं तर माना. पण काहीही ओतण्याआधी एवढं तरी विचारा, की यात आहे काय?"

आईने भक्तांनी खोडाला बांधलेल्या रंगीत फिती सोडल्या. "वाचेल का गं?"

"चुन्याची माती काढून पानांचं खत घातलं, लोह दिलं, तर कदाचित."

आईने फावडं आणून आकडा विचारणाऱ्याच्या हातात दिलं. "ओतायला पुढे होतास ना? आता उपस."