आलिंग सेंदांचं लायसन

मित्रांनो, मी एक जुना पाईप पाना आहे. फिलिपिन्समधल्या एका बेटावर, सान इसिद्रो नावाच्या छोट्या गावात, खिडकीखालच्या डब्यात पडून असतो. माझे दाते गंजलेत, पण जे घडलं ते मला नीट आठवतं.

मला फेर्मिन नावाच्या प्लंबरने बंदरावरच्या दुकानातून आणलं. तो तापाने गेला, तेव्हा त्याच्या बायकोने, रोसेंदाने, मला हातात घेतलं. गाव हसलं. मग तिने बाजाराच्या नळाची गळती थांबवली आणि हसणं बंद झालं. सगळे तिला मानाने आलिंग सेंदा म्हणू लागले. तीस वर्षं आम्ही दोघांनी गावभर पाईप टाकले. दारियो नावाचा एक तरुण आठ वर्षं तिच्याकडे शिकला. जोड आवळताना किती जोर लावायचा, हे त्याला तिनेच माझी मूठ त्याच्या हातात देऊन दाखवलं होतं.

पुढे नियम आला, की लायसन असेल त्यानेच काम करायचं. परीक्षेला बसायचं तर लायसनवाल्याच्या हाताखाली पाच वर्षं काम केल्याचं पत्र हवं. गावात लायसन एकट्या दारियोकडे होतं. सेंदाबाई त्याच्या दुकानात गेल्या. मी पिशवीत होतो.

"दारियो, दोन ओळी लिहून दे रे."

"आलिंग, हाताखाली मी होतो. पत्रात उलटं कसं लिहू?"

"मग खरं लिही. मी तुला शिकवलं म्हणून."

दारियोने मान खाली घातली. "तसं लिहिलं तर माझंच लायसन जाईल. मी शहरातल्या मास्टरकडे शिकलो असं लिहून दिलंय."

"म्हणजे तुझं खोटं चालतं आणि माझं खरं चालत नाही."

"तुम्ही काम करा, सही मी करतो. पाच वर्षांनी पत्र देतो. बघा, पटतंय का."

त्या घरी आल्या आणि मला डब्यात टाकलं. वर्षभर मला हात लागला नाही. मग एके दिवशी दवाखान्याची सुईण कोराझोन दारात आली. तिच्या बाह्या ओल्या होत्या.

"आलिंग, बाळंतिणींसाठी विहिरीवरून बादल्या आणतेय. नळजोड कोण करणार?"

"लायसनवाल्याला बोलव."

"आणला होता. त्याचे जोड गळतात."

सेंदाबाईंनी मला उचललं. दवाखान्याचं काम आठ दिवसांत झालं. कागदावर सही दारियोची. उद्घाटनाला हारही त्यालाच घातला. सेंदाबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. नळ सोडला तेव्हा सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

पाच वर्षं असंच चाललं. मग पत्र मिळालं. त्यात लिहिलं होतं, 'रोसेंदा यांनी माझ्याकडे मदतनीस म्हणून काम केलं व त्यांना मी हे काम शिकवलं.' त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि पालिकेत देऊन आल्या. परीक्षेत त्या पहिल्या आल्या. तेव्हा त्यांना त्रेसष्टावं लागलं होतं.

शेजारीण शेवयांचं पान्सित घेऊन आली. "अभिनंदन हं आलिंग. शेवटी झालात एकदाच्या प्लंबर."

सेंदाबाईंनी ताटली घेतली, आभार मानले. लायसन तांदळाच्या डब्याखाली सरकवलं. त्यानंतर त्यांनी एकही काम घेतलं नाही. कोणी विचारलं की म्हणत, "दारियोकडे जा. त्यानेच मला शिकवलंय."

मित्रांनो, मला तेल लावलं नाहीत तरी चालेल, लोखंड गंजायचंच. पण तुमच्या हाताला ज्याने वळण दिलं, त्याचं नाव त्याच्या समोर, चार माणसांत घ्या. दारियोचं घर इथून तिसरं आहे. त्याने ते नाव अजून घेतलेलं नाही.