मांडणीवरचे डबे

बस पोरा, शहाद्याच्या गाडीला अजून वेळ आहे. चहा घे, तोवर आमच्या शेठची गोष्ट सांगतो. खोटी वाटंल, पण मी तिथंच होतो, गेटवर राखणीला.

श्रीधर शेठ मूळ नाशकाचा. इथं सिल्वासात दोऱ्याचे तीन कारखाने केले त्यानं. मग कर्ज काढून परदेशी मशिनी आणल्या अन् दोऱ्याचा भाव बसला. ब्यांकेनं दोन कारखान्यांना कुलपं ठोकली. इथला डोकमर्डीचा तेवढा उरला, पण त्यालाही काम नाही. दिवाळीला माणसं गावी निघाली तेव्हा शेठ म्हणाला, "परत येऊ नका. पगार कुठनं देऊ?"



दिवाळीनंतर भंगारवाला मशिनी बघायला येणार होता. शेठ सकाळीच आला, पायी. बाहेर धुकं विरत चाललेलं. आत झरोक्यातनं ऊन उतरलं अन् दोऱ्याची पांढरी कुसं हवेत तरंगायला लागली, मासोळ्या फिराव्या तशी.

"आबा, मशिनीचा आवाज येतोय का हो?" शेठनं मला विचारलं.

"तुमच्या कानात असंल," म्हटलं. पण खरं सांगू, मलाही येत होता.

हात धुवायला म्हणून शेठ जेवणाच्या खोलीत शिरला. जन्मात पहिल्यांदा. मांडणी गच्च भरलेली. घासून पालथे घातलेले डबे, बुडाला खिळ्यानं कोरलेली नावं, सगळ्यांवर ऊन.

"विसरून गेले का काय सगळे?"

"नाही शेठ. काम सोडणारा डबा घेऊन जातो. परत येणारा ठेवून जातो. रीतच आहे आपली."

शेठ खाली फरशीवरच बसला. बाहेर भंगारवाल्यानं हॉर्न मारला.

"त्याला चहा पाजा अन् लावून द्या," म्हणाला.

मग बंगला विकला, बंद पडलेले दोन्ही कारखाने विकले, पैसे ब्यांकेत भरले. टोकरखाड्यात भाड्यानं राहिला. दुसऱ्यांचा दोरा मजुरीवर पिळून द्यायचा. माणसं आली, अर्ध्या पगारावर राबली, नंतर पुरा मिळाला. यंदा ब्यांकेचा शेवटचा हप्ता गेला. त्या दिवशी शेठनं पेढे वाटले, अन् स्वतः मात्र मांडणीपुढं जाऊन उभा राहिला.

एक डबा अजून तिथंच आहे. तुमच्या गावच्या बारकूचा. तेवढा एकच परत आला नाही. शेठ रोज पुसतो, कुणाला हात लावू देत नाही. कधी कधी तंद्रीत विचारतो, "बारकू जेवला का हो?"

एवढं काम कर माझं. बारकूला गाठ. म्हणावं, जागा तुझीच आहे. यायचं नसंल तरी एकदा ये अन् डबा घेऊन जा.