ठिणगीची मूठ

अंक अठ्ठावीस. पानं आठशे शहाण्णव. ठिणगी पडते अशी चित्रं एकशे त्र्याण्णव. ठिणगी कुणाला मारते अशी सतरा.

शाईकाकूंनी भिंग खाली ठेवलं आणि आकड्यांचा कागद संपादिकेपुढे सरकवला.

"सतराच?"

"बाकीचे ठोसे सेनापती मारायचा. ही पडायची आणि तो धावून यायचा."

तीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या या चित्रकथेतली ठिणगी आता परत येणार होती, आणि या वेळी एकटी. तिच्या जोडीच्या सेनापतीला काट. चित्रं मात्र जुने चित्रकार मास्तर यांचीच हवीत, असा वाचकांचा हट्ट होता. मास्तर पेन्सिलीने काढणार, त्यावर काकू ब्रशने शाई भरणार. काकू म्हणजे मास्तरांची बायको. जुन्या अंकांवर त्यांचं नाव कधी छापलं गेलं नव्हतं.

संपादिका तिशीचीही नव्हती. कॉलेजात बॉक्सिंग केलेली. ती सतरा चित्रं पुन्हा पाहत गेली.

"काकू, सगळीकडे अंगठा मुठीच्या आत आहे. असा ठोसा मारला तर हिचाच अंगठा मोडेल."

"मोडतो," काकू म्हणाल्या.

संपादिकेने त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याचा सांधा जाड होता आणि अर्धाच वाकत होता.

"माझी मूठ बघून काढायचे ते. मला तशीच वळता यायची. एकदा त्यांना मारली, तर माझंच हाड गेलं. आठवडाभर हसत होते."

"आणि हे पडणं?"

काकूंनी शाईच्या बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं. "तेही माझंच बघून. खरं पडल्याशिवाय खरं दिसत नाही म्हणायचे. आधी नुसतं ढकलायचे. पुढे पुढे हातात कागद नसला तरी."

संपादिका उठली. तिने दार लोटलं.

"हात द्या इकडे. चार बोटं घट्ट. अंगठा बाहेरून, बोटांवर आडवा. मनगट सरळ. जोर खांद्यातून नाही, कमरेतून."

काकूंनी खुर्चीच्या गादीवर चाळीस ठोसे मारले. चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थबकला.

"खुर्चीने काय घोडं मारलं तुमचं?"

"हिने काही नाही हो," काकू म्हणाल्या आणि एकेचाळिसावा मारला.

नव्या अंकाच्या सातव्या पानावर मास्तरांनी गुंडाला ठिणगीचे केस धरून तिचं डोकं जिन्याच्या कठड्यावर आपटताना दाखवलं होतं. शाई भरणाऱ्याने पेन्सिलीची रेघ सोडायची नसते. काकूंनी ती इतक्या वर्षांत केसभरही सोडली नव्हती. त्या दिवशी त्यांनी खोडरबर घेतलं. शाई वाळली तेव्हा ठिणगी जिन्यावर उभी होती, अंगठा बाहेर होता आणि गुंडाचे दोन दात हवेत होते. तिसरी चौकट तेवढी कोरी राहिली. गुंड पडतो कसा, ते काकूंना जमेना.

पान घरी नेलं तेव्हा दुपार होती. मास्तरांनी ते खिडकीपाशी धरलं.

"हे कुणी केलं?"

"मी."

"शाई भरणारीने शाई भरावी. तुला चित्र कधीपासून कळायला लागलं?"

"ती आता पडत नाही."

"असं? उभी राहा तिथं."

'तिथं' म्हणजे कपाट आणि खिडकी यांच्या मधोमध. काकूंचे पाय सवयीने गेले. पहिली चपराक गालावर बसली आणि डोकं कपाटाच्या मुठीवर आदळलं. दुसरीने ओठ फाटला. मास्तरांनी केस धरायला हात पुढे केला.

चार बोटं घट्ट. अंगठा बाहेर. मनगट सरळ.

वाळली काटकी मोडावी तसा आवाज झाला. मास्तर मागच्या स्टुलावर कोसळले आणि स्टुलासकट जमिनीवर आले. नाकातून रक्ताची धार शर्टावर उतरली. ते ओंजळीत साचलेल्या रक्ताकडे बघत राहिले.

"अगं," ते म्हणाले. "अगं, तू..."

काकूंनी त्यांच्या हातात टॉवेल दिला. मग पान टेबलावर ओढलं आणि पेन्सिल घेतली. पडलेल्या माणसाचा खांदा कुठे वळतो, कोपर कुठे टेकतं, हे त्यांना पाठ होतं. पण ते वरून त्या पहिल्यांदाच पाहत होत्या.

"हलू नका," त्या म्हणाल्या. "दोनच मिनिटं."

चौकट पूर्ण झाल्यावर त्यांनी रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी दोघांचेही एक्स-रे काढले. मास्तरांच्या नाकाचं हाड मोडून चार मिलिमीटर डावीकडे सरकलं होतं. काकूंच्या उजव्या अंगठ्यात जुळून आलेलं एक जुनं फ्रॅक्चर होतं. नवं नव्हतं.