तीन तिकिटांचा नियम

मित्रांनो, गंज चढला म्हणजे कारभार आटोपला असं तुम्हाला वाटत असेल, तर आधी माझं हँडल फिरवून बघा. कुरकुर होईल, पण फिरेल. मी सायक्लोस्टाईलचं यंत्र आहे. पोटात लोखंडी नळा, नळ्यात काळी शाई, नळ्यावर मेणाचा कागद आणि उजव्या अंगाला हँडल. एक फेरा, एक पान. तुमच्या शाळेतल्या झेरॉक्सचा मी खापरपणजोबा. त्याला वीज लागते. मला एखादी चिडलेली बाई पुरते.

शिकागोच्या एका कारखान्यात मी घडलो आणि आगगाडीने टेनेसीतल्या बेल्स क्रॉसिंग या गावी आलो. दहा वर्षं मी तिथल्या चर्चच्या तळघरात रविवारची पत्रकं छापली. भजनं कुठली, आजारी कोण, वेदीवर फुलं कुणी ठेवली. त्या कामात मी माणसं ओळखायला शिकलो. त्याचं असं आहे, मेणाच्या कागदावर टाइपरायटरचा ठोका जोरात बसला की अक्षराचं भोक नीट पडतं आणि शाई काळीभोर उतरते. ठोका उगाच शिष्टाचारापुरता असला, की ओळ फिकी येते. 'पाककृती समितीच्या भगिनींचे मनःपूर्वक आभार' ही ओळ मी दहा वर्षं छापली, आणि दहा वर्षांत ती कुणालाही धड वाचता आली नाही. उलट, वेस टॉलिव्हर नावाच्या कंबर हलवणाऱ्या गायकाविरुद्ध पाद्रीबाबांनी प्रवचन लिहिलं, ते असं ठळक उतरलं की शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनीसुद्धा चष्म्याविना वाचलं. आणि कुणी फारच रागाने ठोकलं, की गोल अक्षरांची पोटं गळून पडतात आणि पानावर नुसते काळे ठिपके उमटतात. तोंडाने माणूस काहीही सांगो. माझ्याकडे त्याचं पान असतं.

पुढे चर्चने विजेवर चालणारं यंत्र आणलं आणि मला कोळशाच्या ढिगाशेजारी ठेवलं. वर्षभराने ट्वायला प्रुइट तिथे आली आणि नारळाच्या एका केकच्या बदल्यात मला घेऊन गेली. आपण तिला फसवलं असं पाद्रीबाबांना वाटलं. आपण त्यांना फसवलं असं ट्वायलाला वाटलं. दोन्ही बाजू इतक्या खूश असलेला सौदा मी नंतर कधी पाहिला नाही.

ट्वायला शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची, आणि ज्याच्याविरुद्ध ते प्रवचन होतं, त्याच वेस टॉलिव्हरच्या चाहत्यांच्या मंडळाची ती अध्यक्ष होती. नवरा हॉइट लाकडाच्या गिरणीत. त्याला शाईचा वास खपेना, म्हणून तिने मला मागच्या पोर्चवर, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी बसवलं. तिथून महिन्याला मंडळाचं चार पानी पत्रक निघायचं. सभासद चौतीस. पत्रकाची एक प्रत वेसच्या व्यवस्थापकाच्या कार्यालयात पाठवायची, कारण मान्यतेचा कागद तिथूनच यायचा. तो मिळाला की सहीचे फोटो येत, आणि फोटो नसलेलं मंडळ म्हणजे बायकांच्या नुसत्या गप्पा, असं गावात धरलं जाई.

आता वेसचं सांगतो. सुरुवातीला तो गायचा तेव्हा गावातली कुत्रीसुद्धा गप्प बसायची, असं ट्वायला सांगायची. मग तो हॉलिवूडला गेला आणि वर्षाला तीन चित्रपट करू लागला. प्रत्येकात तो कफल्लक असायचा आणि त्याच्याकडे नवीकोरी गाडी असायची. मुलीला तो आधी आवडायचा नाही. मग समुद्रकिनारी नाच. तो मासेमाऱ्यांपुढे गायला, अनाथ मुलांपुढे गायला, एकदा तर बंद पडलेल्या इंजिनापुढे गायला आणि ते सुरू झालं. एकोणीसशे पासष्टच्या उन्हाळ्यात जो चित्रपट आला, त्यात त्याने खेचराला अंगाई म्हटली. गाढवापुढे गीता वाचणारी माणसं मी ऐकून होतो. पण खेचर बिचारं खरंच झोपलं.

हॉइटला आयतंच सापडलं. जेवताना तो विचारायचा, "काय गं, खेचराने टाळ्या वाजवल्या का?"

"तू तुझं जेव," ट्वायला म्हणायची. पण तिचे कान लाल व्हायचे. कारण खेचराचं गाणं भिकार होतं, हे तिलाही कळत होतं, आणि दुसऱ्या कुणी तसं म्हटलेलं तिला खपत नव्हतं. मित्रांनो, खऱ्या चाहत्याचं हे असंच असतं. घरच्या पोराला आपण बदडतो, शेजाऱ्याने डोळे वटारले की भांडायला उठतो.

ट्वायलाच्या मंडळात एक नियम होता. वेसचा प्रत्येक चित्रपट प्रत्येक सभासदाने तीन वेळा पाहायचा. तिकिटांची फाडून परत मिळालेली अर्धुकं जाड कार्डावर चिकटवायची आणि ती कार्डं कार्यालयात पाठवायची. हिशोब सरळ होता. गर्दी दिसली की वेसचं वजन वाढेल. वजन वाढलं की तो ठणकावून सांगेल, आता मला खेचर नको, धड गोष्ट द्या. सहा वर्षं त्यांनी कार्डं पाठवली. नियम मी छापला होता. शाई काळीभोर होती.

जुलैमधल्या एका शनिवारी दुपारी कार्यालयाचं पत्र आलं. जाड, सायीच्या रंगाचा कागद, वर सोनेरी नाव. पोर्चवर तेव्हा तिघी होत्या. ट्वायला, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करणारी ल्यूरीन, आणि साठी उलटलेल्या मिस ओपल; तिकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानाने मिस म्हणतात. मिस ओपलनी केळ्याचं पुडिंग आणलं होतं. ट्वायलाने पत्र मोठ्याने वाचलं. पत्रात दोन गोष्टी होत्या. पहिली अशी, की बारा निवडक अध्यक्षांमध्ये श्रीमती प्रुइट यांचा नंबर लागला असून ऑक्टोबरात त्यांना चित्रीकरणाच्या जागी वेसबरोबर एक दिवस घालवता येईल.

ल्यूरीन किंचाळली. अंगणात गवत कापणारा हॉइट थांबला.

दुसरी गोष्ट वाचताना ट्वायलाचा आवाज उतरत गेला. तुमच्यासारख्या मंडळांच्या कार्डांवरून आमची खात्री पटली आहे की प्रेक्षकांना हेच हवं आहे, दुसरं काहीही नको. सबब याच धर्तीच्या आणखी सहा चित्रपटांचा करार केला आहे. आभार.

मिस ओपलचा चमचा हवेतच राहिला. "आपल्यामुळे?"

"आपल्यामुळेच," ट्वायला म्हणाली. "तीन-तीनदा बघितलं ना आपण."

"अहो, दुसऱ्या वेळी मी झोपले होते!" ल्यूरीन म्हणाली. "झोपेचं तिकीटपण धरलं त्यांनी?"

"तिकिटावर झोप लिहिलेली नसते, पोरी," मिस ओपल म्हणाल्या.

हॉइट अंगणातून ओरडला, "म्हणजे सहा वर्षं त्या खेचराला चारा तुम्हीच घालत होतात की!"

कुणी हसलं नाही. मग त्याचंही हसू विरलं आणि तो पुन्हा गवताकडे वळला.

ट्वायला म्हणाली, "मी पत्रकात लिहिते. नियम रद्द. ह्यापुढे एकच तिकीट. आणि का, तेही लिहिते."

"वेड लागलंय का तुला?" ल्यूरीन म्हणाली. "पत्रक आधी कार्यालयात जातं. ऑक्टोबरपर्यंत गप्प बस. जा, भेट, काय सांगायचं ते त्याच्या तोंडावर सांग. मग लिही हवं तेवढं. निळ्या पोशाखाचं कापडसुद्धा तू मनात ठरवून टाकलं असशील."

ट्वायलाने नाही म्हटलं नाही.

मिस ओपलनी वाटी खाली ठेवली. "माझं पण लिही मग. मला आवडतात ते पिक्चर."

"मिस ओपल, खेचर?"

"खेचरसुद्धा. माझा नवरा, ड्यूई, तीन वर्षं अंथरुणाला खिळलाय. सकाळी त्याला पुसायचं, दुपारी भरवायचं, संध्याकाळी कूस बदलायची. जड गोष्टी माझ्या घरी रग्गड आहेत. दीड तास एक देखणा पोरगा वाळूत नाचतो आणि कुणी मरत नाही. त्यातलं काही खरं नसतं, ते मला तुमच्याइतकंच कळतं. म्हणून तर जाते. मला हलकं आवडतं म्हणून माझं डोकं हलकं, असं जो छापेल त्याचं यंत्र मी नदीत टाकेन."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खरं सांगतो, माझी शाई गोठली.

सोमवारी कामावरून आल्यावर ट्वायला टाइपरायटर घेऊन बसली. पहिल्या मेणकागदावर तिने लिहिलं की वेसचा नवा चित्रपट मनोरंजक असून सर्वांनी आवर्जून पाहावा. माझ्या नळ्यावर चढवला, हँडल फिरवलं. पान फिकं आलं. तिने शाई वाढवली. तरी फिकं. ती पानाकडे बघत राहिली. यंत्र बिघडलं म्हणायला तिला जागा होती. चर्चमध्ये दहा वर्षं तेच म्हणत आले होते. पण कॉलर शिवणाऱ्या बाईला टाका आपण ओढला नाही, हे कळतं.

तिने तो कागद उतरवला आणि दुसरा घेतला. ह्या वेळी तिची बोटं अशी चालली, की शेजारचं कपड्यांचं यंत्र हादरायला लागलं. तिने लिहिलं:

'वेस, खेचराचं गाणं भिकार आहे. तुला ते माहीत आहे, कारण गाताना तू एकदाही डोळे उघडत नाहीस. आम्ही तीन वेळा बघून आलो, ही आमची चूक. आम्ही तुला आधार देतोय असं आम्हाला वाटलं, आणि आम्ही तुला बांधून घातलं. आजपासून प्रत्येकी एक तिकीट. ज्यांना मनापासून पुन्हा बघावंसं वाटेल, त्यांनी हवं तितक्यांदा बघावं आणि कुणाच्या बापाला जाब देऊ नये. पण न आवडलेल्याचं तिकीट ह्यापुढे कार्डावर लागणार नाही. जे तुला हसतात त्यांनी हे पान वाचून खूश होऊ नये. त्यांच्याशी आमचं भांडण आहे ते आहेच.'

मी छत्तीस पानं छापली. गोल अक्षरांची पोटं गळून पडली होती आणि पानभर काळे ठिपके होते. इतकं कुरूप आणि इतकं ठळक पान मी आयुष्यात छापलं नाही. हॉइट दारात उभा राहून एक पान वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने पाकिटांना टपालाची तिकिटं चिकटवायला घेतली. खेचराबद्दल त्या घरात पुन्हा तो बोलला नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. मान्यता रद्द. फोटो बंद. ऑक्टोबरचं आमंत्रण मागे. निळं कापड ल्यूरीनने तोवर आणलंही होतं. ट्वायलाने त्याचे पोर्चला पडदे केले, आणि पडदे शिवताना ती रडली. मी शेजारीच होतो, म्हणून मला ठाऊक. ती वेसला कधीच भेटली नाही.

पण चाहत्यांची जात मोठी चोंबडी. ते पान ओहायोतल्या कुणा मंडळाने पाहिलं, त्यांच्याकडून टेक्ससला गेलं. पत्रं येऊ लागली, एक प्रत पाठवा. आमच्याकडेही झोपेची तिकिटं आहेत. त्या हिवाळ्यात मी ते पान नऊशे वेळा छापलं. त्या पानामुळे करार मोडला असं मी सांगणार नाही. सहाही चित्रपट आले. यंत्राने खोटं छापावं, बोलू नये.

पुढच्याच चित्रपटात वेस होडीत राहत होता. मंडळाने तो एकदाच पाहिला. मिस ओपल मात्र तिसऱ्यांदा गेल्या, आणि काळोखात त्यांना शेजारच्या खुर्चीवर ट्वायला दिसली. हे त्यांनी पोर्चवर सगळ्यांदेखत सांगितलं.

"कितवं तिकीट गं?" मिस ओपलनी विचारलं.

"दुसरं. उकडत होतं. तिथली गार हवा बरी वाटते."

"नोव्हेंबरात?"

मग ट्वायलाने कबूल केलं. त्या चित्रपटात एका जागी वेस पायरीवर एकटा बसतो आणि दोन मिनिटं नुसता गातो. ना मुलगी, ना होडी, ना खेचर. डोळे उघडे. त्या दोन मिनिटांत दोघींनी एकमेकींचा हात धरला होता. डिसेंबरच्या पत्रकात ट्वायलाने तेही छापलं: 'नव्वद मिनिटांतली दोन आमची. दुसरं तिकीट त्या दोन मिनिटांचं, आणि ते मी कार्डावर चिकटवते.' कार्ड पाठवायला पत्ता उरला नव्हता. तिने ते माझ्या अंगावर चिकटवलं. अजून आहे.

आता मी ट्वायलाच्या नातीच्या गॅरेजमध्ये आहे. मागच्या महिन्यात एक बाई आली होती. म्हणाली, किती गोड आहे, माझ्या दिवाणखान्यात ठेवीन, वर कुंडी शोभेल. मित्रांनो, मला कुंडी नको. मला पुसू नका, रंगवू नका, गोड म्हणू नका. जुन्या वस्तूची काळजी म्हणजे तिला तिचं काम देणं. आणि जे तुम्हाला आवडतं, मग ते कितीही हलकंफुलकं असो, त्याची लाज बाळगू नका. फक्त ते जिथे भिकार असेल तिथे भिकार म्हणा, आणि जोरात ठोकून म्हणा.

माझ्या कागदाच्या ताटात एक पान शिल्लक आहे. जाड, सायीच्या रंगाचं, वर सोनेरी नाव. मान्यता रद्द केल्याचं तेच पत्र. कागद चांगला होता, म्हणून शाई नीट उतरते का ते बघायला ट्वायलाने ते पालथं घालून ठेवलं होतं. नळ्यावर खेचराच्या गाण्याचा तिचा तो मेणकागद अजून चढवलेला आहे. शाई घाला, आणि एक फेरा मारा.