बेबीआक्कांची नागीण

“घरात गरोदर कोण हाय काय री?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि पदर सारखा करता करता बेबीआक्कांचा हात थांबला.

“लेक हाय की. पहिलटकरीण. नववा लागलाय.”

“तिला कांजण्या येऊन गेल्यात?”

चार दिवस डाव्या कुशीपासून पाठीच्या कण्यापर्यंत आग पेटली होती. आधी वाटलं, पाटावर बसून बसून कंबर धरली असेल. काल सकाळी तिथंच पाण्यानं भरलेले बारीक फोड उठले, अर्ध्या पट्ट्यासारखे, एका ओळीत. शेजारच्या अक्काताईंनी बघताक्षणी सांगितलं, “नागीण हाय गं बाई. तोंडाला शेपूट लागायच्या आत भरमूकडं जा. तांबडी काव लावून मंतरून देतोय त्यो.” बेबीआक्का जाणारही होत्या. पण चाळीस वर्षं बाळंतिणींच्या घरात वावरलेली बाई. अंगावर पाणी धरलेला फोड दिसला तर आधी दवाखाना गाठा, हे त्यांनीच कितीतरी घरांत सांगितलं होतं. दुसऱ्याला सांगायचं आणि आपण भरमूच्या दारात बसायचं, हे त्यांना पटेना. म्हणून चपला पायात सरकवून त्या बेळगावच्या अनगोळातल्या या दवाखान्यात आल्या होत्या.

“न्हाय आल्या,” त्या म्हणाल्या. “गल्लीतल्या समद्या पोरांना आलत्या, तवा मी हिला दीड म्हयना लोंढ्याला माझ्या म्हायारी ठेवलीती. एक फोड येऊ दिला न्हाय.”

ही गोष्ट त्यांनी आजवर शंभरदा तरी सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी मान ताठ करून. आज आवाज खाली गेला.

डॉक्टरीणबाई मूळच्या धारवाडकडच्या. मराठी सावकाश बोलायच्या, पण स्पष्ट बोलायच्या. “हे बघा. नागीण तुम्हाला कुणी दिलेली न्हाय. लहानपणी तुम्हाला कांजण्या आल्या होत्या न्हवं? त्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू अंगात झोपून राहतो. वय झालं, ताकद कमी पडली की उठतो. दोन टोकं जुळली म्हणून कोण मरत न्हाय, अंजब्याड्री, भिऊ नका. पण या फोडातलं पाणी कांजण्या न आलेल्या माणसाला लागलं, तर त्याला कांजण्या येतात. मोठेपणी त्या जड जातात, पोटुशीला जास्तच. आणि बाळंतपणाच्या तोंडावर आल्या तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं.”

“कवापत्तोर?”

“शेवटच्या फोडाला खपली धरेपर्यंत. आठ-दहा दिवस, कधी जास्त. तोवर झाकून ठेवायचं, हात धुवायचे. लेकीपासून लांब. तान्ह्या पोरांपासून लांब.”

“मी पोरं न्हाऊ घालते, बाई,” बेबीआक्का म्हणाल्या. “त्योच माझा धंदा.”

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. “काल गेला होता?”

“एका घरी. वर फडकं गुंडाळून, झंपराच्या आत. आज न्हाय गेले.”

“मग त्या घरी सांगायला पायजे.”

“सांगते,” बेबीआक्का म्हणाल्या आणि उठल्या.

दवाखान्याच्या पायरीवरूनच त्यांनी पहिला फोन केला, तो नणंदेला. जयाबाई खासबागेत राहायच्या. सहा वर्षांपूर्वी बेबीआक्कांचे मालक वारले, तेव्हा जयाबाई भरल्या घरात बोलल्या होत्या, “जगाची पोरं न्हाऊ घालत फिरलीस, घरच्या माणसाकडं कधी बघितलंस?” त्यानंतर लग्नाकार्यात समोरासमोर आल्या तरी दोघी पदर डोक्यावर ओढून पुढं जायच्या. बेबीआक्कांनी त्या दिवसापासून कुणाकडं काही मागितलं नव्हतं. आज मागायचं होतं. लेकीची, माधवीची, सासू खानापूरकडच्या गावी स्वतःच अंथरुणाला खिळलेली, आणि नाव घातलेला दवाखाना बेळगावातला.

“वन्सं, मी बेबी,” त्यांनी सांगितलं. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मग विचारलं, “तुम्हाला ल्हानपणी कांजण्या आलत्या का?”

जयाबाई म्हणाल्या, “भावाला आन मला एकदमच आलत्या. एका घोंगड्यावर झोपवलंतं आमाला. पाठवून दे पोरीला.”

घरी आल्यावर बेबीआक्का उंबऱ्याच्या आत गेल्या नाहीत. माधवी पोटावर हात ठेवून सोप्यात बसली होती.

“बॅग भर. जयाआत्याकडं जायाचं हाय.”

“काय बोलूलालीस आई? मी तुझ्याजवळ बाळंत व्हायला आले. आत्यानं कधी पोर धरलंय का हातात?”

“शिकल.”

“तू लांबनं थांब की. मी दुसऱ्या खोलीत झोपते.”

“एक नाहणी, एक दोरी, एक टावेल,” बेबीआक्का म्हणाल्या. “मी इसरून तुझ्या पाठीवरनं हात फिरवीन. माझ्या हातावर माझा भरवसा न्हाय, माधवी. सवय हाय त्यास्नी.”

माधवी रडली. बेबीआक्का दारातच उभ्या राहिल्या. जावई ओमकार रिक्षा घेऊन आला, तेव्हा त्याला त्यांनी दोनदा बजावलं, “आधी तिच्या डॉक्टरांकडं. रगत तपासाया सांग. माझ्या घरात चार दिस हुती, ते सांगायचं चुकवू नगंस.”

दुसरं काम याहून अवघड होतं. काल ज्या घरी गेल्या होत्या, तिथल्या चिन्मयीच्या बाळाला बावीस दिवस त्याच न्हाऊ घालत होत्या. फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण ज्या घरात मोरीपर्यंत वावर, त्या घराला तोंड दाखवून सांगायला हवं असं त्यांना वाटलं. फाटकाबाहेर उभं राहून त्यांनी हाक मारली. चिन्मयीच्या सासूबाई बाहेर आल्या, ऐकलं आणि पांढऱ्या पडल्या.

“आमच्या बाळाला नागीण लावून गेलात तुम्ही?”

“नागीण लागत न्हाय, वैनी. लागल्या तर कांजण्या लागत्यात. फोड झाकल्यालं हुतं, बाळाला शिवलं न्हाय. चिन्मयीला ल्हानपणी येऊन गेल्या असतील तर बाळाला तिच्याकडनंच थोडी राखण असती म्हणं. तरी तुमच्या डॉक्टरांना सांगा. लपवायचं न्हवतं म्हणून आले.”

आतून चिन्मयीचा आवाज आला, “आई, मला चौथीत आलत्या. आक्कांना बोलू नका.”

सासूबाईंनी फाटकाला कडी घातली. “उद्यापासून दुसरी बाई बघतो आम्ही,” त्या म्हणाल्या.

बेबीआक्कांनी मान हलवली. मोठ्या रस्त्यापर्यंत त्या चालत आल्या. कूस अशी जळत होती की पदराचं ओझंही सहन होईना.

माधवीच्या रक्तात कांजण्यांशी लढायचं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी इंजेक्शन मागवून दिलं आणि लक्ष ठेवायला सांगितलं. बेबीआक्का दिवसातून पाच वेळा गोळ्या घेत, कपडे वेगळे धूत, आरशाला पाठ करून फोड मोजत. अक्काताई कुंपणापलीकडून म्हणत, “भरमूला एकदा इचार तरी.” बेबीआक्का म्हणत, “त्येच्या घरात नातवंडं हायत, तितं मी जाणार न्हाय.”

चौथ्या दिवशी, तारखेच्या पंधरा दिवस आधीच, माधवी बाळंत झाली. मुलगी. ओमकारनं फोटो पाठवला. बेबीआक्कांनी तो मोठा करून आधी मुलीची कातडी न्याहाळली, मग चेहरा बघितला. नाक मालकांचं होतं.

गोळ्या सुरू झाल्याच्या दहाव्या दिवशी सकाळी जयाबाईंचा फोन आला. “वैनी, नाळ पडली. आज न्हाऊ घालायचं, पर माझं धाडस हुईना. बाई मिळंना. तू ये.”

अजून दोन फोड ओले होते. बेबीआक्कांनी दवाखान्यात विचारलं. पट्टी नीट बांधा, आत जाऊ नका, हात लावू नका, उघड्यावर लांबून बोललात तर चालेल, असं उत्तर आलं.

जयाबाईंच्या घराची नाहणी मागच्या बाजूला होती. भिंतीत वीतभर झरोका. बेबीआक्का परसात, भिंतीपासून चार पावलं लांब उभ्या राहिल्या. आत पाट सरकल्याचा आवाज आला, मग तांब्याचा.

“बसलीस का वन्सं? पाय लांब कर. पाणी आदी मनगटावर घे.”

“घेतलं. बरं हाय.”

“पोरगी नडग्यांवर पालथी घाल. तोंड घोट्याकडं. मान सोडू नगंस.”

मुलगी रडायला लागली. जयाबाईंचा तांब्या थांबला. “वैनी, रडती की गं.”

“रडूंदे. रडणारं पोर बरं असतंय. डोक्यावर धार धरू नगं, हाताच्या आडोशानं सोड.”

पाणी पडायला लागलं. तेवढ्यात आतून जयाबाई हळूच म्हणाल्या, “भाऊ गेला तवा मी तुला बोललेलं…”

“आत्ता मानंकडं बघ,” बेबीआक्का म्हणाल्या.

पाठ, काख, मांड्यांच्या घड्या. बेबीआक्का एकेक सांगत गेल्या आणि आत जयाबाई “व्हय, व्हय” म्हणत करत गेल्या. माधवीच्या अंगावर काही उठलं नाही, मुलीच्याही नाही, हे पुढं काही आठवड्यांनी नक्की झालं. त्या सकाळी मात्र ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि बेबीआक्का एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरून उभ्या होत्या.

मुलीचं रडणं कमी होत गेलं, मग उसासे राहिले. भिंतीखालच्या भोकातून नाहणीचं पाणी बाहेर आलं. डाळीच्या पिठानं गढुळलेलं, थोडं वाफाळतं. दगडी नाली सोडून ते परसात पसरलं आणि बेबीआक्कांच्या चपलांपर्यंत आलं. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. पाणी अजून कोमट होतं.

“झालं का गं वैनी?” आतून जयाबाईंनी विचारलं.

“अजून दोन तांबे घाल,” बेबीआक्का म्हणाल्या.