काचेसारखं पाणी

लॉन्ड्रीवाला सगळ्यात काटकसर करायचा, रागात मात्र सढळ. इस्पितळाच्या चादरी तांबड्या निघाल्या तशी त्याने एका हातात घण घेतला, दुसऱ्यात बोअरच्या पाण्याची बादली, आणि शेजारच्या शेडमध्ये मेहुण्याकडे शिरला.

मेहुणा लॉन्ड्रीला जाणाऱ्या पाण्यातलं लोखंड काढायचा. बोअरचं पाणी जाळ्यांवरून पाडलं की हवा लागून विरघळलेल्या लोखंडाचा गंज होतो. टाकीतली वाळू तो धरून ठेवते. ही टाकी फुटली तर दुसरी उभी करायची त्याची ऐपत नव्हती. टाकी धुताना निघणारा लालभडक गाळ लॉन्ड्रीवाल्याने पाहिला होता आणि हिशेब मांडला होता: आत जातं ते स्वच्छ, बाहेर पडतं ते लाल, तेव्हा खोट यंत्रात. म्हणून त्याने गुपचूप थेट बोअरवरच नळी जोडली. तरी चादरी लाल! मग नक्कीच हा मेहुणा चोरून आपल्या टाकीतलं लाल पाणी मिसळतो.

"बघ, काच आहे काच," बादली आपटत तो म्हणाला. "आणि तुझ्या डबड्यातून काय निघतं?"

"भावजी, नळी कुठे जोडलीत ते आधी..."

उरलेलं वाक्य दोन दातांसकट फरशीवर पडलं. जबडा वाकडा झाला. लॉन्ड्रीवाल्याने घण टाकीवर घातला. मेहुणा आडवा आला, तर दुसरा घाव त्याच्या खांद्यावर. त्याने पाना उचलून भावजींच्या गुडघ्यावर हाणला, हाड वाजलं. तिसऱ्या घावाला टाकीचा सांधा उसवला, आणि दाबातलं पाणी वाळूसकट दोघांना भिंतीवर आपटून गेलं.

आवाज ऐकून ताई धावत आली. एकाची बायको, दुसऱ्याची बहीण. रडायचं कुणासाठी हे ठरवण्यात तिने वेळ घालवला नाही. भावाचा रक्ताळलेला सदरा उतरवला आणि भिजवायला दाराशी तशाच राहिलेल्या त्या बादलीत लॉन्ड्रीतलं ब्लीच ओतलं.

पाणी बघता बघता तांबडं झालं. सदरा अजून तिच्या हातातच होता.

"रक्त पडलं नाही हं यात," ती म्हणाली. "ब्लीच लागूनही लोखंडाचा गंजच होतो. चादरींनाही हेच पाणी आणि हेच ब्लीच ना?"

लॉन्ड्रीवाला मेहुण्यावरच खेकसला, "मग हे आधी सांगायला तोंड नव्हतं तुला?"

मेहुण्याने जबड्याकडे बोट केलं.

फुटक्या टाकीतली वाळू गटाराकडे चालली होती. ताईने घण उचलला. पहिला घाव नवऱ्याने दाराबाहेर बोअरवर जोडलेल्या नळीवर बसला. दुसरा कुठे बसणार हे बघायला तो थांबला नाही. फुटका गुडघा ओढत निघाला.

"अहो, थांबा," ती मागून म्हणाली. "तुमचा सदराही धुवायचाय."